न उघडलेली फांदी

भित्र्या माणसाची गोष्ट सांगायची हौस कुणालाच नसते. शूरांच्या गोष्टी काय, मागाल तेवढ्या मिळतात. पण ही बाई अशी होती की तिच्या भीतीवर तिचं घर चालत होतं आणि अर्धं ऑफिसही, म्हणून सांगतो.

तिला भागूबाई म्हणायचे. नाव ठेवलं नवऱ्यानेच, घरात, लाडाने. पण तोही तिच्याच वीजकंपनीत लाइनमन, आणि एक दिवस कँटीनमध्ये सगळ्यांदेखत त्याने "काय भागूबाई, जेवलीस का?" म्हणून हाक मारली. मग काय विचारता! शिपायापासून साहेबापर्यंत ती भागूबाई झाली. कुणी तोंडावर म्हणायचं, कुणी मागून. तिला राग यायचा नाही, कारण नाव खोटं नव्हतं. लहानपणी आई म्हणायची, "अगं, सावलीला काय घाबरतेस, तुझीच आहे ती." मोठी झाली तशी भीतीही तिच्याबरोबर मोठी झाली. घराला कुलूप लावायचं, ओढून बघायचं, दोन पायऱ्या उतरायच्या आणि परत वर येऊन पुन्हा ओढायचं. गॅस बंद केला का, इस्त्री काढली का, मुलीने बूट नीट बांधले का! नवरा म्हणायचा, "एक दिवस ते कुलूपच म्हणेल, बाई, सोड आता, दम लागला मला."

आणि असल्या बाईने लग्न कुणाशी करावं? तर खांबावर चढणाऱ्या माणसाशी! त्याचीही एक गंमत आहे. ती नवीन लागली तेव्हा कंपनीच्या कॉम्प्युटरच्या खोलीतला पंखा बिघडला आणि वायरिंग बघायला हा आला. स्टुलावर चढला. ही आपलं काम सोडून धावली आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी राहिली. "पडाल हो, पडाल." तो हसला. "बाई, मी रोज याच्या किती वर असतो माहीत आहे का?" तर ही विचारते, "मग तिथे कोण धरतं?"

तो सगळ्यांना सांगायचा, त्या एका प्रश्नावर मी लग्न केलं.

तिचं काम होतं पडद्याचं. म्हणजे कंट्रोल रूममधले ऑपरेटर दिवसभर ज्या कॉम्प्युटरकडे बघत बसतात, त्या पडद्यावर काय दिसावं, कुठे दिसावं, केवढं दिसावं, हे सगळं ती मांडून द्यायची. शोधायची चौकट वर हवी की खाली, बटण केवढं, अक्षर किती मोठं. प्रत्येक ऑपरेटरचं दुखणं वेगळं. एकाला घंटा वाजायला हवी, दुसऱ्याला घंटेने डोकं उठतं. मास्तर म्हणून एक वयस्कर ऑपरेटर होते. पूर्वी शिकवण्या घ्यायचे म्हणून मास्तर. त्यांना प्रत्येक अक्षर पाटीवर लिहिल्यासारखं मोठं लागायचं. "बाई, चष्म्याला माझी लाज वाटते, तेवढं मोठं करा," म्हणायचे. ती करून द्यायची, आणि केलं की तीनदा तपासायची.

पडद्याच्या डाव्या बाजूला झाड होतं. खरं झाड नाही, याद्यांचं. वर सबस्टेशनचं नाव, त्यावर टिचकी मारली की खाली त्याचे फीडर उघडायचे. फीडर म्हणजे सबस्टेशनातून निघणारी मोठी लाइन. फीडरवर टिचकी मारली की त्याच्या फांद्या, फांदीवर मारली की खांब आणि ट्रान्सफॉर्मर. अख्ख्या शहराची वीज त्या झाडात होती. एखादा लाइनमन कामाला चढणार असला की कंट्रोल रूमला कळवायचा, ऑपरेटर ती लाइन बंद करायचा आणि झाडात त्या फांदीवर कुलूप लावायचा. कुलूप लागलं की फांदी लाल. आणि फांदी लाल झाली की तिच्या वरचा फीडरही लाल. लाल फीडर चालू करायचा नाही, हा तिथला नियम. बाकी नियम चहाबरोबर गिळले जायचे, हा नाही. काम संपून कुलूप निघालं की सगळं हिरवं.

लोकांना लाल रंग बघून धास्ती वाटते. हिला उलटं. नवरा सकाळी सांगून जायचा, आज अमुक ठिकाणी आहे, आणि ही ऑफिसात आल्यावर पहिलं काम काय करायची, तर झाड उघडून त्याची फांदी शोधायची. लाल दिसली की जीव भांड्यात पडायचा. लाल म्हणजे तार मेलेली आणि माणूस जिवंत. हे ती कुणाला सांगायची नाही. सांगितलं असतं तर कँटीनमध्ये त्याचीही कहाणी झाली असती.

आता झाडाची रडकथा. शहर वाढत गेलं, झाडही वाढत गेलं. सकाळी ऑपरेटरने ते उघडलं की पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं. मास्तर म्हणायचे, "झाड लावलंय म्हणे, तोवर फळं तरी खाऊन येतो." वादळवारं झालं, चार ठिकाणी तारा तुटल्या, की झाड उघडता उघडत नसे आणि तिकडे लोक अंधारात शिव्या घालत. शेवटी साहेबांनी तिला बोलावलं. साहेब म्हणजे तिच्या विभागाचा प्रमुख, तिच्यापेक्षा वयाने लहान, माणूस वाईट नव्हता, पण घाईचा.

"हे झाड पळालं पाहिजे. चालून चालणार नाही."

तिने उपाय शोधला, आणि चांगला शोधला. आजवर झाड उघडताना सगळ्या फांद्या, पानापानापर्यंत, एकदम ओढून आणल्या जायच्या. तिने ठरवलं, आधी नुसती सबस्टेशनं आणि फीडर आणायचे. ज्याला जी फांदी बघायची आहे त्याने टिचकी मारावी, मग तेवढीच आणू. दुकानदार काय, सगळा माल गल्ल्यावर मांडून बसतो का? गिऱ्हाइकाने मागितलं की फळीवरून काढतो. झालं! झाड असं उघडायला लागलं की मास्तर दचकले. "अहो बाई, हे खरंच उघडलं की नुसतं चित्र आहे?"

तिने तपासलं. कसं, तर तिच्या पद्धतीने. तिच्यासारखी भित्री बाई एक फांदी तपासून थोडीच थांबणार? तिने प्रत्येक सबस्टेशन उघडलं, प्रत्येक फीडर उघडला, प्रत्येक फांदी शेवटच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत उघडून ठेवली, आणि मग कुलपं लावून बघितली, काढून बघितली. लाल झालं, हिरवं झालं, वरचा फीडरही बरोबर बदलला. सगळं चोख. तरी तिला काहीतरी डाचत होतं. काय ते कळत नव्हतं.

ती साहेबांकडे गेली. "मला अजून थोडे दिवस द्या. काहीतरी राहिलंय असं वाटतंय."

"काय राहिलंय?"

"ते कळत नाहीये."

साहेब हसले. "बाई, तुम्हाला काही राहिलंय असं वाटत नाही, असा एक दिवस सांगा मला. त्या दिवशी सुट्टी देतो सगळ्यांना." खोलीतले सगळे हसले. तीही हसली. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचाच कंटाळा आला होता. आयुष्यभर कुलूप ओढून ओढून हात दुखतोच की कधीतरी. घरी नवऱ्याला विचारलं, तर तो भाजीत मीठ घालत म्हणाला, "तू श्वास घेतेस ना, तशी घाबरतेस. दे सोडून." तिने दिलं सोडून. नवीन झाड सगळ्यांच्या पडद्यावर गेलं, ऑपरेटर खूश, साहेब खूश, आणि भागूबाईला त्या रात्री कधी नव्हे ती शांत झोप लागली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी नवरा बूट चढवताना म्हणाला, "आज पिठाच्या गिरणीमागे. बरेच खांब आहेत, दुपार जाईल."

"साखळी?"

"आहे गं बाई."

हे रोजचं होतं. तार बंद असली तरी तिला हात लावण्याआधी खालून तिच्यावर एक लोखंडी साखळी टाकायची असते, जिचं दुसरं टोक जमिनीत पक्कं रोवलेलं असतं. कुणी चुकून वीज सोडलीच, तर ती साखळीतून जमिनीत उतरते आणि लाइन आपोआप पडते, म्हणजे बंद होते. त्याला ट्रिप होणं म्हणतात. प्रत्येक खांबापाशी नव्याने टाकायची, नव्याने काढायची. किचकट काम. लाइन बंद आहे, वर कुलूप आहे, मग कशाला, असं म्हणून पुष्कळ जण टाळतात. तो "आहे" म्हणायचा आणि ती गप्प बसायची. आहे म्हणजे पिशवीत आहे की तारेवर, हे तिने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. उत्तराची भीती वाटायची.

सकाळी तिला बैठक होती, त्यामुळे झाड उघडून बघायचं राहून गेलं. दुपारी डबा खाऊन ती जागेवर आली, खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं, बाजूचा सहकारी फोनवर कुणाशी तरी हसत होता. तिने झाड उघडलं. गिरणीचा फीडर हिरवा होता.

'उतरले वाटतं लवकर,' ती मनाशी म्हणाली. बरंच झालं. मुलीला बूट घ्यायचे होते, आज लवकर निघता येईल. पण हाताची सवय कुठे जाते? फीडर हिरवा दिसत असूनही तिने त्यावर टिचकी मारली.

फांद्या उघडल्या. गिरणीमागची फांदी लाल होती.

आणि तिच्या डोळ्यांदेखत वरचा हिरवा फीडर लाल झाला.

ती बघतच राहिली. मग तिने झाड बंद केलं आणि पुन्हा नव्याने उघडलं. फीडर हिरवा. टिचकी मारली. लाल.

मग तिला उमगलं. फीडरचा रंग ठरायचा तो त्याच्या फांद्या बघून, एक जरी लाल असली तरी फीडर लाल. पण फांद्या आता कुणी उघडल्याशिवाय येतच नव्हत्या. ज्या आल्याच नाहीत त्यांत लाल कुठून सापडणार? आणि लाल सापडलं नाही की कॉम्प्युटर शहाणा म्हणत होता, हिरवं. ही तपासताना सगळ्या फांद्या उघडून बसली होती, म्हणून तिला हे कधी दिसलंच नाही. दुसऱ्या कुणी आळशीपणाने तपासलं असतं तर पहिल्या फटक्यात पकडलं असतं.

सकाळच्या ऑपरेटरने कुलूप लावायला स्वतः फांदी उघडली होती, त्याला लालच दिसत होतं. पण पाळी आत्ताच बदलली होती. दुपारच्या माणसाने येऊन झाड नवीन उघडलं असणार. त्याला सगळं हिरवं.

तिने कंट्रोल रूमला फोन लावला. लागेना. परत लावला. कुणीतरी बोलत होतं. तिने फोन तसाच टाकला आणि धावली. जिन्याचा कठडा धरल्याशिवाय जी बाई एक पायरी उतरत नसे, ती कशी उतरली तिचं तिला कळलं नाही. एक चप्पल जिन्यातच राहिली. आवारात गाड्या उभ्या होत्या, दोघे जण गप्पा मारत होते, त्यांतला एक म्हणाला, "अहो भागूबाई, वाघ लागलाय का मागे?" तिने ऐकलंही नाही. कंट्रोल रूम आवाराच्या पलीकडे, तळमजल्यावर. दार ढकलून ती आत शिरली तेव्हा मास्तर खुर्चीत होते आणि फोन खांद्याने कानाशी धरून कुणाला तरी समजावत होते.

"मास्तर! गिरणीचा फीडर! चालू करू नका!"

मास्तरांनी फोन बाजूला घेतला. "केला की आत्ताच. याच फीडरवर पुलाजवळच्या टोळीचं काम संपलं, त्यांचं कुलूप सकाळचा ऑपरेटर काढून गेला होता, आणि मी बघितलं तर फीडर हिरवा. पण काय भानगड आहे बघा, टाकल्या टाकल्या ट्रिप झाला. थांबा, एकदा परत टाकून बघतो."

ही त्यांची जुनी रीत. पडलेली लाइन एकदा परत टाकून बघायची. बहुतेक वेळा खऱ्या झाडाची फांदी तारेला घासलेली असते, पाखरू चिकटलेलं असतं, दुसऱ्यांदा टाकली की टिकते. मास्तरांचा हात पुढे गेला.

तिने त्यांचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचा जोर लावून. मास्तरांच्या हातातला फोन खाली पडला.

"अहो, काय करताय?"

"फांदी उघडा. आधी फांदी उघडा! उघडा म्हणते ना!"

तिचा असा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. मास्तरांनी डाव्या हाताने टिचकी मारली, कारण उजवा तिने सोडलाच नव्हता. फांदी उघडली. लाल. वर फीडरही लाल. मास्तर पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्यासाठी तिनेच मोठी करून दिलेली ती अक्षरं.

"हे लाल कुठून आलं?"

"होतंच. दिसत नव्हतं."

"पण मी... मी हिरवं बघून टाकला हो." मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "कोण आहे तिथे?"

तिने सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं, पण नवऱ्याला काय म्हणायचं, अहो की त्याचं नाव, हेच तिला सुचेना. मास्तरांना तेवढ्यात आठवलं आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले.

लाइन ट्रिप झाली होती. म्हणजे वीज कशातून तरी जमिनीत गेली होती. लाइनमनच्या बायकोला हे सांगावं लागत नाही. एक तर साखळीतून गेली, नाहीतर माणसातून.

तिने त्याचा फोन लावला. वाजत राहिला. तो खांबावर चढताना फोन खाली पिशवीत ठेवायचा, हे तिला माहीत होतं, तिनेच सांगितलं होतं तसं, वर असताना फोन वाजला तर दचकाल म्हणून. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. त्याचा जोडीदार लंबू, त्याचा लावला. तोही कुणी उचलेना. दोघंही उचलत नाहीत म्हणजे काय? लंबू खाली असतो. खाली असलेला माणूस फोन का उचलत नाही?

आवारातली जीप घेऊन ड्रायव्हर निघाला. हा ड्रायव्हर एरवी तिला बघितलं की म्हणायचा, "बाई, हळू चालवू की अजून हळू?" आज त्याने गाडी अशी हाकली की दुसऱ्या कुठल्या दिवशी ती किंचाळली असती. ती पुढच्या सीटवर एका पायात चप्पल घालून बसली होती. मनात नुसती गर्दी. हात गेला तरी चालेल. दोन्ही गेले तरी चालतील, मी भरवीन. नुसता बसून राहिला घरात तरी चालेल. मग मुलगी आठवली. तिला काय सांगायचं? बाबाला शॉक लागला म्हणायचं की आईने काय केलं ते? आणि मग, लाज वाटावी असा एक विचार, की तो नसेलच खांबावर, लंबू असेल. तो विचार आला आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले. लंबूलाही आई होती.

सारखं तिच्या डोळ्यांपुढे ते स्टूल येत होतं. मग तिथे कोण धरतं? कोण धरतं म्हणजे काय, तूच की! तुझ्या हातात होतं ते झाड. धरलं होतंस, आणि कंटाळा आला म्हणून सोडलंस.

गिरणीच्या मागच्या गल्लीत माणसं जमली होती. पाठमोरी, गोल करून. माणसं अशी गोल कधी उभी राहतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. जीप थांबली, पण तिला उतरता येईना. ड्रायव्हर दार उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, चला. मी आहे." तेव्हा ती उतरली.

लोकांनी वाट दिली. आधी लंबू दिसला, वाकलेला. मग भिंतीला टेकून बसलेला तिचा नवरा दिसला. बसलेला. डोळे उघडे. लंबू त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होता. खांबापाशी साखळी पडली होती, एका ठिकाणी काळी पडून वितळलेली.

ती त्याच्यासमोर धप्पकन बसली आणि तिने त्याचे हात हातात घेतले. एक एक बोट चाचपून बघितलं. सगळी होती.

"साखळी टाकली होती," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. "वर चढलो, तारेला हात लावणार, एवढ्यात खाली फाडकन उजेड झाला. एवढा मोठा. माझा पट्टा बांधलेला होता म्हणून पडलो नाही." तो थांबला. "टाकणार नव्हतो गं. जेवून या खांबावर आलो, ऊन मी म्हणत होतं. लंबू म्हणाला, कुलूप आहे वर, कशाला. मीही म्हटलं, कशाला. मग सकाळी तुला आहे म्हणून सांगितलेलं आठवलं. म्हटलं, आहे तर टाकू. एरवी रोज टाकतोच असं नाही."

एरवी रोज टाकतोच असं नाही. इतकी वर्षं ती जे विचारायला भ्याली होती, त्याचं उत्तर हे होतं. तिने ते ऐकलं आणि ती त्याचे हात धरून बसली. तिचं रडू आता कुठे वर आलं.

लंबू मात्र पेटला होता. माणूस भ्याला की असाच पेटतो. "कुठल्या गाढवाने टाकली लाइन? मास्तर ना ड्युटीला? डोळे गेलेत म्हाताऱ्याचे. आज त्याला सोडत नाही मी. कुलूप दिसत नाही होय?"

जमलेले लोकही बोलायला लागले. हे असंच असतं, कुणाला कुणाच्या जिवाची किंमत नाही, वगैरे. नवरा म्हणाला, "त्याला घरीच बसवला पाहिजे. मी स्वतः तक्रार करतो."

गप्प बसता आलं असतं. मास्तरांवर ढकललं गेलंच होतं, आणि नवऱ्याच्या डोळ्यांत तिच्यासाठी फक्त माया होती. तिला आयुष्यात कशाकशाची भीती वाटली होती, पण त्या क्षणाइतकी नाही. हे ती पुढे स्वतःच सांगायची.

"मास्तरांना काही बोलू नका," ती म्हणाली. "त्यांना हिरवंच दिसत होतं. मी तसं करून ठेवलं होतं."

"म्हणजे?"

"झाड मी बदललं ना. लवकर उघडावं म्हणून. फांदी उघडल्याशिवाय कुलूप दिसतच नव्हतं. माझ्या लक्षात आलं नाही. मी केलं हे."

त्याने तिच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तो असा बघत होता, जणू आपण हिला ओळखतो का याचा विचार करतोय. मग त्याने हात सोडवून घेतले, हळूच, आणि लंबूला म्हणाला, "उठव मला."

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याच संध्याकाळी तिने जुनं, चक्र फिरवत बसणारं झाड सगळ्यांच्या पडद्यावर परत आणलं. चौकशी झाली. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. साहेबांनीही मान खाली घालून सांगितलं की बाईंनी अजून वेळ मागितला होता, मी दिला नाही. तिची बढती थांबली, नोकरी राहिली. नवीन झाड तिनेच नीट केलं. फांद्यांची कुलपं आता सगळ्यांत आधी येतात, बाकीचा पसारा मागून, आणि जोवर एखाद्या फीडरचं सगळं कळलेलं नाही तोवर तो हिरवाही दिसत नाही आणि लालही नाही. राखाडी दिसतो. शेजारी लिहिलेलं असतं, माहीत नाही. ऑपरेटर कुरकुरले, हा काय रंग काढला म्हणून. मास्तरांनी मात्र स्वतः सांगून ती अक्षरं आणखी मोठी करून घेतली. त्यांनी त्यानंतर कधी पडलेली लाइन कुणाला विचारल्याशिवाय परत टाकली नाही.

तपासायची पद्धतही तिने बदलली. आता सगळं उघडून बघून झालं की ती सगळं मिटते, आणि काहीच न उघडणाऱ्या माणसासारखी नुसती बघत बसते.

आणि नवरा? तो कामावर परत गेला. साखळी नवी मिळाली, ती तो प्रत्येक खांबावर टाकतो, लंबूही टाकतो. घरात हसतो, मुलीची चेष्टा करतो, भाजीत मीठ घालतो. तिला टाकून बोलला असं कधी झालं नाही. फक्त त्या दिवसापासून त्याने तिला भागूबाई म्हटलेलं नाही. कँटीनमध्ये कुणी म्हणालं तर तो उठून जातो.

सकाळी बूट चढवून झाले की तो दारात उभा राहतो. पूर्वी ती विचारायची. आता तो विचारतो.

"आज तिकडे काही बदललंस का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

मग तो निघतो. दोन पायऱ्या उतरतो, थांबतो, आणि परत वर येतो. ती दारातच उभी असते, तिला माहीत असतं तो येणार ते.

"नक्की ना गं?" तो विचारतो.